मामाजींच्या बीपीचा काटा

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डला डाव्या बाजूला एक गोल भोक होतं. त्यातून हवा यायची आणि थेट माझ्या गुडघ्यावर बसायची. थंडीच्या दिवसांत मी त्यात जुन्या धोतराचा बोळा कोंबायची. नवरा तो उपसून फेकायचा.

"अवं, ते मीटरचं घर आहे. तिथं मीटर लागणार आहे."

मीटर काही लागत नव्हतं. हवा मात्र न चुकता यायची.

गाडी विलायती, दोन दारांची. पूर्वी एका मालगुजाराची होती. त्याने ती दामटून दामटून इंजिन जाळलं आणि मग गोठ्यात लावून ठेवली. तिच्यात कोंबड्या बसत. माझ्या नवऱ्याचं नागपुरात, सदर भागात छोटं गॅरेज होतं. गोठा मोकळा करायचा म्हणून त्या लोकांनी गाडी याच्या गळ्यात मारली आणि हा खुळा तिला ओढत घरी घेऊन आला. पहिले चार दिवस मी नुसती कोंबड्यांची शीट खरवडली.

ही गाडी इतर गाड्यांसारखी नव्हती. तिच्या इंजिनाला एक लोखंडी डबा जोडलेला होता, त्याला नवरा ब्लोअर म्हणायचा. विलायतेत सुपरचार्जर म्हणतात म्हणे. साधं इंजिन आपल्या भुकेपुरती हवा ओढतं. हा डबा इंजिनाच्या तोंडात हवा कोंबतो, लग्नाच्या पंगतीत व्याह्याला आग्रह करून जिलब्या वाढाव्यात तसा. त्यामुळे गाडी पळते बेफाम. पण आग्रह फार झाला की व्याही आजारी पडतो. इथे पिस्टन जळतो. मालगुजाराचा तसाच जळला होता. किती हवा कोंबली जाते आहे ते दाखवणारा काटा त्या भोकात होता, तो कधीच कोणी काढून नेला होता.

त्या गाडीचे पिस्टन नागपुरात मिळणं शक्यच नव्हतं. नवऱ्याने भलत्याच गाडीचे पिस्टन लेथवर कातून बसवले. एकदा जमलं. पुन्हा जमेल असं तो स्वतःही म्हणत नव्हता. आता जळला तर गाडी कबाडीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आणि मला ती गाडी चालवायची होती.

गाडी चालवता मला येत होती. गॅरेजातल्या बंद पडलेल्या जीपा ढकलताना नवऱ्याला स्टेअरिंगवर कोणीतरी लागायचं, ती मी असायची. त्यातून शिकले. चौथीपर्यंत शाळा झाली होती, पाट्या वाचता येत होत्या, लायसन रीतसर काढलं होतं. ते लायसन डब्यात तुरीच्या डाळीखाली पडून होतं. मी विचारलं की नवरा म्हणायचा, "मी कानानं चालवतो. आवाज बदलला का पाय काढतो. तुले तो आवाज नाही समजत. मीटर लागू दे, मग तुले देईन."

हे तो मामाजींसमोर म्हणाला होता. मामाजी म्हणजे माझे सासरे. जन्म हातमागावर गेलेला, डोळे कमजोर झाले तेव्हा माग विकला. पोरगा विणकाम शिकला नाही याचा राग त्यांना होता, पण बोलून दाखवायचे नाहीत. टोमणा मारायचे. ते काही विसरायचे नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मीटरची वाट पाहू लागले.

पहिलं मीटर काटोलहून आलं. माझी नणंद तिकडे दिली होती, त्यांच्या संत्र्याच्या बागा. बागेत औषध फवारायचा मोठा पंप असतो, त्याच्यावर दाब दाखवणारं मीटर असतं. नणंदेचा जुना पंप मोडीत निघाला, तर नवऱ्याने त्याचं मीटर काढून आणलं. ते भोकापेक्षा मोठं निघालं. याने कानस घेऊन भोक मोठं केलं. रबरी नळी जोडली, गाडी सुरू केली, पाय दाबला. ब्लोअर शिट्टी घालायला लागला, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, काटा जागचा हलला नाही.

"ब्लोअर दाबून नाही राहिला," नवरा म्हणाला. त्याने ब्लोअर उतरवला, खोलला, पुसला, परत बसवला. काटा तसाच. पुन्हा उतरवला. माझ्या चांगल्या परातीत त्याचं दातेरी चाक रॉकेलमध्ये भिजत पडलं होतं. दोन वेळची कणीक मी ताटात मळली.

उलगडा मामाजींनी केला, तोही रिकामपणी. त्यांना बीपी होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात मशीन आणलेलं होतं, दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबायचा, घड्याळासारख्या तबकडीवर काटा चढतो, ते. पट्टा उंदराने कुरतडला होता म्हणून मशीन पडून होतं. एका दुपारी मामाजी पलंगावर बसून त्याच्या नळीत तोंडाने फुंकत होते. काटा चांगला चढायचा. ते हसायचे, परत फुंकायचे. म्हाताऱ्याला खेळणं झालं होतं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, अंगणात येऊन पंपाच्या मीटरच्या नळीत फुंकले. काहीच नाही. गाल लाल होईतो फुंकले. मी ओरडले, "मामाजी, बीपी चढन तुमचं!"

"माझं चढन, पण याचं नाही चढत," ते म्हणाले. मग पोराला हाक मारली. "अरे, हे राक्षसाचं वजन मोजाचा काटा आहे. याच्यावर तू उंदीर ठेवून पाहून राहिला. त्याले काय समजन?"

नवऱ्याने परातीतून चाक काढून पुसायला घेतलं. फवारणीच्या पंपाचा दाब कुठे, ब्लोअरच्या हवेचा कुठे. हे त्याला आधी समजायला हवं होतं, पण मीटर बहिणीकडचं होतं ना, त्यावर शंका कशी घ्यायची.

अशी बीपीची तबकडी गाडीत गेली. आता भोक फार मोठं झालेलं होतं. नवऱ्याने माझ्या तुपाच्या डब्याचं झाकण नेलं, मध्ये कापलं आणि त्यात तबकडी बसवली. डबा उघडा पडला. त्यावर मी वाटी पालथी घातली, ती पुढे कितीतरी वर्षं तशीच होती.

गाडी सुरू केली तर काटा उलटा! शून्याच्या मागे जाऊन थरथरायला लागला. पाय दाबला की पुढे धावायचा, सोडला की मागे. नवऱ्याने सांगितलं, पाय वर असला की इंजिन हवा ओढतं, नळीतूनही ओढतं, म्हणून. असं चाललं तर नाजूक मशीन दोन दिवसांत मोडेल. मग त्याने बीपीच्या फुग्याच्या तोंडाशी असते ती पितळी नळी काढली. तिच्यातून हवा एकाच बाजूने जाते, परत येत नाही. बाजूला छोटा स्क्रू असतो, तो सैल केला की हवा सुटते. ती नळी मध्ये जोडली. काटा उलटा जायचा थांबला. नवरा खूश झाला. चक्कर मारून आला आणि उतरून म्हणाला, "पाह्य वं, लागलं मीटर!"

मी वाकून पाहिलं. गाडी बंद, इंजिन बंद, आणि काटा दोनशे सत्तरवर उभा.

"अवो, हा खाली काहून नाही येत?"

नवऱ्यानं तबकडीवर टिचकी मारली. काटा ढिम्म. हवा आत गेली होती आणि परत यायला वाट नव्हती. जिथवर चढला तिथेच राहिला. म्हणजे गाडी घरी आली तरी, रस्त्यात कुठेतरी पाय किती दाबला होता, ते हे मीटर सांगत होतं.

मामाजींना हे कळायला वेळ लागला नाही. ते इतके हसले की खोकला आला. "हे मीटर नाही गा. ही तुझी आत्याबाई आहे. सगळं घरी येऊन सांगते!"

"सुधारतो मी ते," नवरा म्हणाला.

"हात नाही लावाचा," मी म्हटलं. "मले असंच पाहिजे."

किती दाब चालेल ते त्याच्याकडूनच वदवून घेतलं. दोनशेच्या वर गेलं की इंजिनात टिकटिक येते, असं तो म्हणाला. मी आतून मेण आणि कुंकू आणलं. कपाळाला लावतो तसं काचेवर दोनशेच्या जागी आधी मेणाचं बोट, त्यावर कुंकू. ठसठशीत ठिपका.

मामाजी म्हणाले, "माझं एकशे नव्वद झालं तं डॉक्टरनं मीठ बंद केलं. याचं दोनशेच्या वर गेलं तं काय बंद करता?"

"गाडी," मी म्हटलं. "जो चालवन त्याची."

नवऱ्याला वाटलं मी गंमत करते आहे. त्या आठवड्यात तो सीताबर्डीला काहीतरी आणायला गेला आणि परत आला तर काटा शून्यावर. अगदी शून्यावर, शाळेतल्या शहाण्या मुलासारखा. मी स्क्रूला हात लावला. सैल होता.

भांडण केलं नाही. मामाजींच्या पेटीत लुगड्याच्या काठाचं उरलेलं रेशीम होतं. त्यातला एक लाल धागा घेऊन स्क्रूभोवती गुंडाळला, आणि आपल्या पद्धतीची गाठ मारली. माझं माहेरही विणकरांचंच. मागावर ताण्याचा धागा तुटला की जोडायला एक गाठ असते, चपटी, तांदळाच्या कणीहून बारीक, फणीतून विनाअडथळा निघून जाते. लहानपणी शाळेतून आलं की मी धाग्याच्या कांड्या भरायची आणि अशा गाठी मारायची. डोळे मिटून मारता येते. ज्याने हे केलं नाही त्याला दिवसभर बसवलं तरी येत नाही.

मग नवऱ्याला सांगितलं, "आता भाचीच्या साक्षगंधाले काटोलले जायचं आहे. जाताना तुम्ही चालवा, येताना मी. ज्याचा काटा कुंकवाच्या पुढं गेला, त्यानं गाडीले हात लावाचा नाही."

"तूच हरशीन. बायकाचा पाय जड असते."

"ठीक आहे ना मग. भेता काहून?"

मामाजींना पंच केलं. त्यांनी डोक्याला पांढरी टोपी घातली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले, कारण मागे त्यांचे गुडघे मावत नव्हते. मी मागे, मांडीवर चिवड्याचा डबा. तिथून मीटर दिसत नव्हतं. मामाजींच्या समोरच होतं, पण त्यांचा चष्मा खिशात आणि मान गाडी गावाबाहेर निघायच्या आतच छातीवर. असे पंच.

फेटरी गावापर्यंत नवरा नवरदेवासारखा चालला. पुढे एक एसटी आडवी आली. तिचा काळा धूर, वर खिडकीतून कोणीतरी पानाची पिंक टाकलेली, ती आमच्या काचेवर. नवऱ्याचे कान लाल होताना मला मागून दिसले. एवढ्यात ब्लोअरने असा सूर लावला की माझ्या दाढा शिवशिवल्या. एसटी मागे पडली. मामाजी झोपेत म्हणाले, "कोण रडून राहिलं?"

"कोणी नाही बाबा. झोपा तुम्ही," नवरा म्हणाला.

कळमेश्वरला त्याला अचानक चहाची तलफ आली. "तू बाबाले घेऊन हो पुढं, मी काच पुसून येतो." मी मामाजींना हाताला धरून टपरीवर नेलं. मागे वळून पाहिलं नाही. काच पुसायला त्याला बराच वेळ लागला.

काटोलला नणंदेच्या अंगणात गाडी थांबली. साखरपुड्याचे पाहुणे जमले होते. नवऱ्याने सगळ्यांसमोर दार उघडलं आणि म्हणाला, "या बाबा, पाहा. तू बी पाह्य वं." काटा ऐंशीवर. स्क्रूवर लाल धागा जागच्या जागी.

नणंद म्हणाली, "वहिनी, दादा तं जिंकला!"

पंच मामाजी होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराने पुसला, लावला. काट्याकडे पाहिलंच नाही. धागा दोन बोटांत धरला, नखाने चाचपला. मग पोराकडे वर पाहिलं.

"ही बैल बांधाची गाठ आहे गा."

"म्हणजे?"

"म्हणजे ही गाठ आपल्या घरची नाही. एवढी मोठी गाठ मागावर असती तं तुझ्या आजानं माझे हात तोडले असते." मग जमलेल्या पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "तरी म्हणत होतो याले, चार दिवस मागावर बस. नाही बसला. आता चोरी बी धड नाही करता येत."

अंगणभर हशा झाला. नवरा म्हणाला काच पुसताना धागा तुटला असेल. कोणी ऐकून घेतलं नाही. साक्षगंधात मुलीला पाहायचं सोडून लोक आमच्या गाडीतला धागा पाहून जात होते. होणारा व्याहीसुद्धा पाहून गेला.

आता खरं तर मी तिथेच जिंकले होते. पण नुसता हा हरला म्हणून गाडी मिळणार असेल तर मला ती नको होती. मग जन्मभर ऐकावं लागलं असतं, की तुझा पाय कोणी पाहिला आहे. मी काटा शून्यावर आणला, नवीन धागा माझ्या हाताने बांधला, मामाजींना दाखवला आणि स्टेअरिंगवर बसले. नणंदेने गाडीत संत्री भरली, डिकीत, पायाशी, मागच्या सीटवर. उरलेली एक पेटी नवऱ्याच्या मांडीवर आली. तो मागे बसला होता. त्याचं नुसतं तोंड दिसत होतं.

गाडी माझ्या हाताला जीपेपेक्षा हलकी लागली. पाय ठेवला की लगेच कळायचं, दुधावर साय धरते तसा हलका थर असावा पायाखाली, तो फुटू द्यायचा नाही. तीस-चाळीस घरं मागे टाकली आणि समोर संत्र्यांचा ट्रक आला. नागपूरला चाललेला, पेट्या गच्च, वरून वाळलेलं गवत उडत होतं. मी त्याच्या मागे लागले. तो हळू, मी हळू. गवत मामाजींच्या टोपीवर येऊन बसत होतं. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि जाताना वळून पाहिलं.

मागून नवरा म्हणाला, "काढ पुढं."

"काहून?"

"काहून म्हणजे? रात्र होईन असं."

"होऊ द्या. पाय जड आहे माझा."

थोड्या वेळाने, "अवं, रस्ता मोकळा आहे. दाब ना!"

"मीटर पाहून राहिली मी."

"मीटर नको पाहू! रस्ता पाह्य! दाब वं, दाब!"

ज्याची गाडी पाय दाबल्यामुळे जाणार होती, तोच मला पाय दाब म्हणून ओरडत होता. ट्रकामागे राहून न हरण्याचा माझा डाव त्याला कळला होता की त्या ट्रकाचा राग आला होता, सांगता येत नाही. मला वाटतं राग. ड्रायव्हर माणूस मागे बसला की त्याची अक्कल जाते.

तेवढ्यात मामाजी जागे झाले. टोपीवरचं गवत झटकलं आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, ते कुंकू कुठवर आहे?"

"दोनशेवर."

"मग तिथवर तं जाऊ दे. तिथवर जाले कोणाची मनाई आहे?"

हे मला सुचलं नव्हतं. मी हरू नये एवढ्यावरच डोळा ठेवून होते. समोर रस्ता सरळ होता, पलीकडून कोणी येत नव्हतं. मी हॉर्न दिला आणि पाय ठेवला. ब्लोअर गायला लागला. काटा शंभर, दीडशे. ट्रकचं मागचं चाक मामाजींच्या दाराशी आलं, मग पुढचं, मग ड्रायव्हरचं तोंड, त्याचा वासलेला जबडा. बाईला पाहून त्याच्या तोंडातली विडी पडली. काटा कुंकवाच्या काठाशी आला तेव्हा मी पाय तिथेच धरला, न वर, न खाली. साय फुटली नाही. ट्रक मागे गेला. मागे संत्री गडगडली आणि नवरा "शाब्बास!" म्हणून ओरडला. नंतर त्याला आठवलं की आपण विरुद्ध पार्टीचे आहोत, मग मांडीवरची पेटी सावरायला लागला.

घरी आलो. दारातच तपासणी झाली. धागा माझा, गाठ माझी. काट्यावर मात्र वाद पेटला.

"टेकला आहे!" नवरा म्हणाला. "कुंकवाले टेकला आहे, पाहा बाबा. हरली हे!"

"पुढं जायचं नाही असं ठरलं होतं," मी म्हटलं. "टेकायचं नाही असं नव्हतं ठरलं."

"टेकला म्हणजे अर्धा आत गेला!"

मामाजींनी पुन्हा चष्मा पुसला, काचेला नाक लावून पाहिलं. "कुंकू कोणं लावलं?"

"तिनं."

"मग ते कुठं सुरू होते अन् कुठं सरते, ते तिलेच समजते. तुले काय समजते कुंकवातलं?" आणि काठी टेकत आत निघून गेले. निकाल लागला.

नवऱ्याने किल्ली माझ्या हातात दिली नाही. स्वयंपाकघरात तुपाच्या डब्याच्या वरच्या खिळ्याला अडकवली आणि पाणी प्यायला. मी ती तिथून काढून कमरेला लावली.

पिस्टन त्यानंतर पुष्कळ वर्षं टिकले. मी मामाजींना दवाखान्यात न्यायची, नणंदेकडे जायची, सदरला नवऱ्याला गॅरेजवर सोडायची. तो डाव्या सीटवर बसायचा, माझ्या जुन्या जागी, आणि माझ्या पायाकडे पाहत राहायचा. तुपाच्या डब्याचं ते झाकण भोकात नीट बसलेलं नव्हतं, एका बाजूला फट होती. थंडीत एका सकाळी त्याने गुडघा चोळला.

"अवं, इथून लय हवा येऊन राहिली. बोळा-बिळा कोंब ना काही."

मी म्हटलं, "ते मीटरचं घर आहे."